मुलाच्या हट्टाचा मासा आणि श्रावकाचे घर

श्रावणी सोमवारी करंजे येथील सोमेश्वराच्या यात्रेला सोमेश्वरनगर, निंबुत, वडगाव निंबाळकर, नीरा या सगळ्या परिसरातून माणूस लोटतो. आपल्या व्यापारी घरांतील मुलेही भेळ, पाळणे, खेळणी यांच्या ओढीने जातात. अलीकडे जत्रांत आणि शहरांच्या बाजारांत आणखी एक वस्तू मुलांना थांबवते : पाण्याने फुगवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत फिरणारा नारिंगी मासा. मूल हट्ट धरते, पैसे मोजले जातात आणि तो मासा संध्याकाळी घरी येतो.

त्या वेळी चातुर्मास चालू असतो, पर्युषण जवळ आलेले असते. आजी म्हणते, “अरे, हा जीव कशाला आणलास?” आई लोणच्याची रिकामी बरणी धुऊन पुढे ठेवते. वडील म्हणतात, “राहू दे आजची रात्र, उद्या कालव्यात सोडून येऊ.” तिघांच्याही मनात दयाच आहे. पण बरणी आणि कालवा हे दोन्ही मार्ग त्या माशाला बहुधा मरणाकडे नेतात, ही माहिती त्या घरात कोणालाच नसते. दया मनात असून ज्ञान नसेल तर हातून काय घडते, याचे हे लहानसे उदाहरण आहे. ‘पढमं नाणं तओ दया’ ही आपल्याकडील शिकवण येथे अक्षरशः लागू पडते.

आणावा की आणू नये?

मासा आपल्या शास्त्रात जलचर पंचेंद्रिय तिर्यंच गणला आहे. पंचेंद्रिय म्हणजे स्पर्श, रस, गंध, रूप आणि शब्द ही पाचही द्वारे उघडी असलेला जीव. मासा दिसत नसले तरी कान बाळगतो. त्याला वास कळतो, चव कळते आणि अंगाच्या दोन्ही बाजूंनी जाणाऱ्या पार्श्वरेषेने पाण्यातील बारीक कंपही कळतो. त्याला घरातील शोभेच्या वस्तूंत गणता येत नाही.

माशाविषयीची करुणा आपल्या परंपरेत जुनी आहे. दिगंबर आम्नायात अरनाथ भगवंतांचे लांछन मत्स्य आहे आणि तीर्थंकरमातेच्या सोळा स्वप्नांत मत्स्ययुगुल आहे. मृगसेन धीवराची कथा तर पाठशाळेत लहानपणीच सांगितली जाते. जाळ्यात पहिला येणारा मासा सोडून देईन, एवढाच नियम त्याने मुनींकडून घेतला. त्या दिवशी ओळखीची चिंधी बांधून सोडलेला तोच मासा पाच वेळा जाळ्यात आला आणि पाचही वेळा त्याने तो सोडला. पुढील भवात तो पाच वेळा मरणसंकटातून वाचला. श्वेतांबर परंपरेत हीरविजयसूरींची आठवण आहे. १५८३ साली ते अकबराच्या भेटीस फतेहपूर सिक्रीला गेले आणि त्यांच्या उपदेशाने बादशहाने तेथील डामर तलावातील मासेमारी बंद केली, असे जैन ग्रंथकार नोंदवतात.

या वारशाचा विचार केला तर पहिला सल्ला स्पष्ट आहे : केवळ हौसेसाठी मासा विकत आणू नये. मुलाची जिज्ञासा दाणापाणी ठेवून अंगणात येणाऱ्या चिमण्यांनी किंवा भिगवणजवळ उजनीच्या पाणथळीवर उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांच्या दर्शनानेही भागवता येते. “पिशवीत गुदमरतो आहे, सोडवून आणू” ही भावना शुद्ध असली तरी तिच्यातला व्यवहार आपल्यासारख्या दुकानदारांना सांगावा लागू नये. विकला गेलेला माल पुन्हा भरला जातो. दयेपोटी दिलेले पैसे विक्रेत्याच्या गल्ल्यात विक्री म्हणूनच पडतात आणि पुढच्या सोमवारी त्या जागी दोन पिशव्या जास्त येतात.

पण मासा आधीच घरात आला असेल, कोणी वाढदिवसाला भेट दिला असेल, किंवा घरच्यांनी विचारपूर्वक ठरवले असेल, तर प्रश्न बदलतो. आता तो जीव आपल्या आश्रयाला आहे. त्याला नीट ठेवणे ही हौस राहत नाही, जबाबदारी होते. पुढील मजकूर त्या जबाबदारीविषयी आहे.

पाच अतिचार हीच पहिली मार्गदर्शिका

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. हे सांगितले गेले तेव्हा समोर बैल, घोडे, नोकर-चाकर होते. तरीही काचेच्या टाकीला ते एकेक करून लावून पाहिले, तर मत्स्यपालनाच्या आधुनिक पुस्तकांतील बहुतेक सूचना त्यांत येऊन जातात.

बंध म्हणजे हालचाल रोखेल असे बांधणे वा कोंडणे. चार-पाच लिटरचे गोल काचेचे भांडे हा माशासाठी बंधच होय. त्यात पोहायला लांबी नाही, निमुळत्या तोंडामुळे पाण्याचा हवेशी संपर्क कमी आणि घाण विरघळायला पाणीही थोडे. इटलीतील मोंझा शहराने २००४ साली आणि रोमने २००५ साली गोल भांड्यात गोल्डफिश ठेवण्यावर बंदी घातली. आपल्या देशातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमानुसार प्राण्याला हालचालीस पुरेशी जागा नसलेल्या पिंजऱ्यात किंवा भांड्यात कोंडणे हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात मनुष्याखेरीज प्रत्येक सजीव येतो.

वध म्हणजे येथे ठार मारणे नव्हे, तर मारहाण. टाकीच्या काचेवर बोटाने टकटक करणे हा मुलांचा आवडता खेळ. पार्श्वरेषेमुळे ती टकटक माशाला धक्क्यासारखी जाणवते आणि तो काचेवर आपटतो. पहिल्या दिवशीच मुलाला सांगावे : बघायचे, बोलायचे, पण काचेला हात लावायचा नाही.

छेद म्हणजे अंगाला इजा करणे. बाजारात काही मासे निळ्या-गुलाबी चमकदार पट्ट्यांचे दिसतात. ग्लासफिश हा मूळचा आपल्याच देशातील, पारदर्शक शरीराचा लहान मासा. त्याच्या अंगात सुईने रंग टोचून तो ‘रंगीत’ म्हणून विकण्याची प्रथा शोभिवंत माशांच्या व्यापारात बरीच वर्षे आहे. काही पॅरट माशांनाही असाच रंग दिला जातो, तर काहींची शेपटी कापून हृदयाचा आकार आणला जातो. असा मासा श्रावकाने कोणत्याही कारणाने विकत घेऊ नये.

अतिभारारोपण म्हणजे झेपणार नाही एवढे ओझे लादणे. टाकीच्या पाण्याला आणि त्यातील फिल्टरला जेवढी घाण पचवता येते, त्याहून जास्त मासे सोडणे हेच ते ओझे. ‘टाकी मोकळी दिसते, अजून चार आणू’ या वाक्यातून पहिल्या वर्षात जेवढे मासे मरतात, तेवढे क्वचितच दुसऱ्या कशाने मरत असतील.

अन्नपाननिरोध म्हणजे अन्नपाणी वेळेवर व योग्य न देणे. माशाच्या बाबतीत त्यात चुकीचे अन्न आणि दूषित पाणीही येते. हा अतिचार आपल्या घरांसाठी सर्वांत नाजूक असल्याने त्याचा स्वतंत्र विचार पुढे केला आहे.

टाकी : केवढी, कोठे, कशी

पहिली टाकी लहान असावी, असा समज आहे. वस्तुस्थिती उलट आहे. पाणी जितके जास्त, तितके त्याचे तापमान आणि शुद्धता हळू बदलते व नवशिक्याची चूक पोटात घालते. लांबी २ फूट, रुंदी १ फूट, उंची १ फूट एवढी आयताकृती टाकी हे किमान माप समजावे. तिच्यात सुमारे ५४ लिटर पाणी मावते; खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर ४५ लिटर उरते. भरलेल्या टाकीचे वजन ७० किलोच्या घरात जाते. म्हणून ती दुकानाच्या काउंटरवर, शोकेसच्या काचेवर किंवा डुगडुगत्या टेबलावर ठेवू नये. लोखंडी स्टँड किंवा भिंतीतील पक्का कट्टा हवा, आणि टाकीखाली थर्माकोलचा पातळ ताव.

जागा अशी निवडावी की थेट ऊन पडणार नाही. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशीला टेकतो. खिडकीतली टाकी तापली की पाण्यातला प्राणवायू कमी होतो. देवघरालगतची जागाही टाळावी, कारण धूप-उदबत्तीचा धूर एअर पंप ओढून पाण्यात सोडतो. डासांची वडी, मशीनमधील द्रव आणि फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातील औषधे असतात. माणसाला सौम्य असणारी ही औषधे माशांना अत्यंत विषारी आहेत. ज्यांचे कृषी सेवा केंद्र आहे, त्यांनी तर दुकानातून आल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय टाकीत हात घालू नये.

साहित्य थोडेच लागते : स्पंजचा फिल्टर आणि तो चालवणारा एअर पंप, थर्मामीटर, धुतलेली जाड खडी, झाकण, माशांसाठीच राखून ठेवलेली एक बादली आणि नळी, तसेच अमोनिया व नायट्राइट तपासण्याचा संच. थंडीत रात्रीचा पारा १० अंशांजवळ जातो, तेव्हा उष्ण प्रदेशातील माशांसाठी ५० वॉटचा हीटर लागतो. रंगीत प्लास्टिकचे किल्ले आणि बुडबुडे सोडणारे पाणबुडे यांची माशाला गरज नसते. लपायला जागा म्हणून जलवनस्पती किंवा पालथी ठेवलेली मातीची कुंडी पुरते.

पाण्याचे गणित उसाच्या पट्ट्याला समजेल असे

नव्या टाकीत पहिल्या आठवड्यात मासे का मरतात, हे ज्याला समजले त्याला मत्स्यालयाचा अर्धा अभ्यास समजला. मासा कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच होतो. तो पाण्यात साठला की माशाचे कल्ले भाजल्यासारखे होतात. मासा पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करतो, कल्ले लाल दिसतात, पर मिटलेले राहतात.

उसाच्या शेतात युरिया टाकल्यावर काय होते, हे नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यात खत विकणाऱ्याला आणि वापरणाऱ्याला माहीत आहे. युरियाचा अमोनिया होतो, मातीतील जिवाणू त्याचे नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, आणि ते नायट्रेट पीक उचलते. टाकीत हीच साखळी घडते. अमोनिया विषारी, नायट्राइटही विषारी, नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य. फरक एवढाच की शेतात हे जिवाणू आधीपासून असतात आणि नव्या काचेच्या टाकीत नसतात. फिल्टरच्या स्पंजवर त्यांची वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात.

म्हणून योग्य क्रम असा. टाकी भरावी, फिल्टर अखंड चालू ठेवावा आणि मासा न आणता रोज चिमूटभर माशांचे अन्न पाण्यात टाकावे. ते कुजून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूंना त्यावर वाढता येते. आधी अमोनिया चढेल, मग उतरेल. नंतर नायट्राइट चढेल, मग तेही उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागले की टाकी तयार झाली. ओळखीच्या कोणाच्या जुन्या, निरोगी टाकीतील स्पंजचा तुकडा मिळाला तर हा काळ बराच कमी होतो.

आपल्या पंचांगात हा काळ सहज बसतो. चातुर्मास सुरू होताना आषाढी चौदसेला टाकी भरली, तर अधिक मास नसेल त्या वर्षी पर्युषणाच्या संवत्सरीपर्यंत सुमारे ५० दिवस मिळतात. दीड महिना मुलाने रिकाम्या टाकीची रोज तपासणी करायची. त्यात त्याची आवड टिकली तर मासा आणण्याचा विचार करावा. न टिकली तर एक जीव वाचला आणि टाकीत पाणवनस्पती लावता येतील.

मासा आधीच घरात असेल तर एवढी उसंत नसते. अशा वेळी मिळेल त्या मोठ्या टाकीत किंवा टबात फिल्टर लावून मासा ठेवावा, अन्न अगदी थोडे द्यावे, आणि पहिले महिना-दीड महिना रोज चौथा हिस्सा पाणी बदलावे. कष्टाचे काम आहे, पण त्याने मासा वाचतो.

गाळलेले, उकळलेले, शुद्ध केलेले पाणी

पाण्याच्या बाबतीत आपल्या घरांच्या चांगल्या सवयी माशांच्या कामी येतात, पण सगळ्या नव्हेत. पाणी दुहेरी कापडातून गाळून घेणे उत्तमच, आणि जीवाणी मूळ स्रोतात परत सोडण्याची रीतही पाळावी.

उकळून गार केलेले पाणी मात्र टाकीत तसेच ओतू नये. उकळताना पाण्यात विरघळलेली हवा निघून जाते आणि अशा पाण्यात मासा गुदमरतो. आर.ओ. यंत्राच्या पाण्यातून क्षार निघालेले असतात. एकट्या त्या पाण्यावर मासा जगत नाही. ग्रामपंचायतीच्या नळाच्या पाण्यात टीसीएल पावडर घातलेली असते. त्यातील क्लोरीन कल्ल्यांना आणि फिल्टरमधील जिवाणूंना मारक आहे, म्हणून ते पाणी पसरट तोंडाच्या बादलीत २४ तास उघडे ठेवावे किंवा क्लोरीन काढणारे थेंब वापरावेत. कालव्याच्या पट्ट्यात अनेक बोअरचे पाणी जड आणि क्षारयुक्त असते. जड पाणी सोसणारे मासे निवडले तर ही अडचण राहत नाही. परंतु असे पाणी अल्कधर्मी असल्यास त्यात अमोनिया अधिक विषारी होतो, हे लक्षात ठेवावे. कालव्यातून थेट पाणी आणू नये. शेतातील औषधांचा अंश त्यात येऊ शकतो.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज कधीही नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या जुन्या पाण्यातच तो दोनदा पिळावा, म्हणजे त्यावरील जिवाणूंची वस्ती टिकते. जीवाणी ज्या पाण्याची त्याच पाण्यात सोडणाऱ्या घराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. काढलेले पाणी नायट्रेटयुक्त असते. ते फुलझाडांना घालावे.

अन्नाचा कठीण प्रश्न

बाजारातील माशांच्या खाद्याचा डबा उलटा करून त्यावरील घटक वाचले, तर बहुतेक वेळा पहिलेच नाव फिशमीलचे असते. पुढे श्रिंप, क्रिल, स्क्विड. हिरव्या डब्यावर ‘स्पिरुलिना’ असे मोठे लिहिलेले असले तरी आत फिशमील असू शकते. एका जिवाला जगवण्यासाठी इतर जिवांची भुकटी रोज विकत आणायची का, हा प्रश्न प्रत्येक जैन घराने मासा आणण्यापूर्वी विचारला पाहिजे, नंतर नव्हे.

उत्तर माशाच्या जातीवर अवलंबून आहे. फायटर मासा स्वभावतः मांसाहारी आहे. त्याला डाळीचा चुरा किंवा पोळीचे तुकडे घालणे म्हणजे त्याची उपासमार करणे. फायटरच्या नशिबी आपले घर नको आणि आपल्या घरी फायटर नको. गप्पी, प्लॅटी, मॉली आणि गोल्डफिश हे मिश्राहारी आहेत आणि वनस्पतिजन्य अन्नाचा मोठा वाटा पचवतात. त्यांच्यासाठी घटक वाचून निवडलेले स्पिरुलिना, सोया आणि गव्हावर आधारित खाद्य, त्याच्या जोडीला उकडून साल काढलेला मटारचा दाणा, वाफवलेला पालक, काकडीची चकती असा आहार ठेवता येतो. भात, पोळी, बिस्किटे, फरसाण यांचा एक कणही टाकीत जाता कामा नये. ते पाणी नासवतात.

हे करूनही मासे खंगताना दिसले, पोट आत गेले, रंग उतरला, तर आपल्या नियमासाठी त्यांना उपाशी ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. अशा वेळी योग्य आहार देऊ शकणाऱ्या जाणत्या मत्स्यपालकाकडे ते सोपवावेत. व्रत आपण घेतलेले असते, माशाने नव्हे.

गप्पी संधी मिळाल्यास डासांच्या अळ्या आणि स्वतःची पिल्लेही खातो. म्हणूनच हिवताप रोखण्यासाठी आपल्याकडे विहिरींत व टाक्यांत गप्पी सोडले जातात. हा त्या तिर्यंचाचा स्वभाव आहे. परंतु जिवंत किडे विकत आणून घालणे हे आपले कृत्य ठरेल. ते करू नये.

प्रमाण एवढेच : दोन मिनिटांत संपेल तेवढे, दिवसातून एकदा किंवा दोनदा. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरात माशांचे दुसरे खाणेही त्याच वेळी आटोपावे आणि रात्री टाकीचा दिवा मालवावा. माशांना पापण्या नसतात. अंधार हीच त्यांची झोप.

कोणते मासे, किती

वर सांगितलेल्या ५४ लिटरच्या टाकीत सहा नर गप्पी किंवा पाच नर प्लॅटी, एवढीच वस्ती असावी. दोन्ही जातींना जड पाणी मानवते. केवळ नरच का? या जाती पिल्लांना जन्म देतात आणि मादी एकदा नराच्या संगतीत राहिली की पुढे नर नसतानाही काही महिने विणते. काही आठवड्यांत पन्नास पिल्ले झाली तर अतिभारारोपण आपोआप घडते, आणि मोठे मासे पिल्लांना खातात ते मुलाच्या डोळ्यांदेखत. गप्पीचा नर रंगीत, सडपातळ. मादी मोठी, फिकट. दुकानदाराकडून निवडून घ्यावेत.

जत्रेतून येणारा मासा बहुधा गोल्डफिश असतो, आणि त्याच्यासाठी ही टाकी पुरत नाही. तो वीतभर किंवा त्याहून मोठा होतो आणि चांगला सांभाळला तर १० ते २० वर्षे जगतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेतल्या खेळात बक्षीस मिळालेला ‘टिश’ नावाचा गोल्डफिश १९९९ साली, ४३ वर्षांचा होऊन मेला. आठ वर्षांच्या मुलाच्या हातात दिलेली पिशवी त्याच्या लग्नापर्यंतची जबाबदारी असू शकते.

सुदैवाने आपल्याकडील जुन्या घरांत यावर उपाय असतो : परसातला सिमेंटचा हौद. सावलीतला २००-३०० लिटरचा हौद, त्यात एअर पंप आणि फिल्टर, वरून घट्ट जाळी. यात गोल्डफिश टाकीपेक्षा सुखाने राहतो आणि त्याला हीटरही लागत नाही. जाळीमुळे मांजर, कावळा आणि खंड्या दूर राहतात, डासही अंडी घालत नाहीत. हौद नवा असेल तर सिमेंटचा चुना उतरेपर्यंत दोन-तीन आठवडे तो भरून रिकामा करत राहावे.

मासा आणल्यावर पिशवी बंद स्थितीत टाकीच्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटे तरंगत ठेवावी. मग दर पाच मिनिटांनी वाटीभर टाकीचे पाणी पिशवीत घालावे. अर्ध्या तासाने जाळीने अलगद मासा सोडावा. पिशवीतले पाणी टाकीत ओतू नये.

वीज, यात्रा आणि घरची वही

भारनियमन आपल्या अंगवळणी पडले आहे, पण एअर पंप बंद पडला की माशाचा श्वास मंदावतो. टाकीत मासे कमी असले तर काही तासांची खंडित वीज ते सोसतात. बॅटरीवर चालणारा लहान पंप घरी ठेवावा. तोही नसेल तर तांब्याने टाकीचेच पाणी घेऊन थोड्या उंचीवरून पुन्हा टाकीत ओतत राहावे.

शिखरजी, पालिताणा, श्रवणबेळगोळ अशा यात्रांना घर दहा-बारा दिवस बंद असते. निरोगी मोठा मासा दोन-तीन दिवस अन्नाविना राहतो, त्यापुढे सोय लागते. शेजाऱ्याला डबा देऊ नये. रोजच्या खाण्याच्या पुड्या बांधून द्याव्यात, नाहीतर प्रेमापोटी मूठभर खाद्य पडते आणि परत येईपर्यंत पाणी नासलेले असते.

मुलाच्या हाती एक वही द्यावी. तारीख, तापमान, तपासणीचे आकडे, किती पाणी बदलले, मासे कसे दिसले. हिशेबाची वही लिहिणाऱ्या घरात वाढणाऱ्या मुलाला ही सवय लवकर जडते, आणि काही बिघडले तर कधी व का बिघडले ते त्या पानांतूनच सापडते. मात्र अंतिम जबाबदारी मुलाची नसते. परीक्षा येते, खेळ येतो, मूल विसरते. अशा वेळी “तुझा मासा आहे, तूच बघ” असे म्हणून मोठ्यांनी हात झटकले तर शिक्षा मुलाला होत नाही, माशाला होते.

कालव्यात सोडणे हे अभयदान नव्हे

सांभाळणे जमेना तेव्हा कालव्यात, विहिरीत किंवा शेततळ्यात मासा सोडून ‘जीव सोडवला’ असे समाधान मानले जाते. नीरा डावा कालवा आवर्तनाने वाहतो. आवर्तन संपले की पात्रात डबकी उरतात आणि त्यांतील जीव तडफडून मरतात. टाकीत वाढलेल्या माशाला वाहत्या पाण्यात अन्न शोधणे आणि शत्रू ओळखणेही येत नाही.

आणि तो जगला तर? शेजारच्या इंदापूर तालुक्यात उजनीचा जलाशय पसरला आहे. त्यात सकर मासा सापडू लागल्याने मच्छीमार आणि जलाशयाचे अभ्यासक चिंतेत आहेत. अंगावर कठीण कवच असलेला हा दक्षिण अमेरिकेतील मासा आपल्याकडे आला तो घरगुती टाकीची काच साफ करणारा मासा म्हणून. तळाचे अन्न आणि इतर माशांची अंडी तो फस्त करतो. मूळच्या माशांना जागा उरत नाही. एका जिवाला मोकळे करण्याच्या नादात असंख्य जलचरांची उपासमार ओढवत असेल, तर त्या कृतीला अभयदान हा पवित्र शब्द लावता येणार नाही. परत देता येईल असा दुकानदार, शाळेतील मोठे मत्स्यालय किंवा जाणता पालक शोधणे हाच मार्ग आहे.

एक दिवस मासा मरेल

उत्तम काळजी घेतली तरी गप्पीचे आयुष्य दोन-तीन वर्षांचेच असते. एके सकाळी तो तळाशी पडलेला दिसेल. मूल शाळेत गेलेले असताना नवा मासा आणून ठेवणे, ही अनेक घरांतील युक्ती आहे. ती करू नये. आयुकर्म पूर्ण झाले, हे आपण मोठ्यांच्या बाबतीत सांगतो. मुलाच्या माशाबाबतही ते सोप्या शब्दांत सांगता येते. जीवंधरकुमाराने मरणोन्मुख कुत्र्याच्या कानी णमोकार मंत्र म्हटल्याची कथा मुलांना ठाऊक असते. माशासाठीही मुलाने तो म्हणावा. मग बागेतील कोपऱ्यात खड्डा करून त्याला ठेवावे. संडासात किंवा नालीत टाकू नये.

त्यानंतर वही उघडून मुलासोबत शेवटचे महिनाभराचे आकडे पाहावेत. पाणी ठीक होते का, खाणे जास्त पडत होते का, की वयच झाले होते? नवा मासा आणायचा की टाकी आता रिकामी ठेवायची, याचा निर्णय त्या पानांवरून, सगळ्यांनी एकत्र बसून घ्यावा. मूल “आता नको” म्हणाले, तर त्याचेही मनापासून ऐकावे.